बालिकबायन

बालिकबायन ही फिलिपिन्समधील एक सामाजिक व कायदेशीर संज्ञा असून परदेशात काही वर्षे राहून मायदेशी आलेल्या फिलिपिनो व्यक्तीसाठी ती वापरली जाते. इ.स. १९७३ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या सरकारने परदेशस्थ फिलिपिनोंना मायदेशभेटीसाठी आकर्षित करण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हापासून हा शब्द सरकारी भाषेत रूढ झाला. इ.स. १९८९ च्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक ६७६८ ने त्याची व्याख्या निश्चित केली. देशाबाहेर राहणाऱ्या फिलिपिनोंची संख्या सुमारे एक कोटी असल्यामुळे ही संज्ञा जकातीच्या नियमांपासून घरगुती संभाषणापर्यंत सर्वत्र आढळते.

शब्दाचा अर्थ 'परतणारा' असा असला, तरी व्यवहारात बालिकबायन म्हणजे बहुधा पुन्हा निघून जाणारा माणूस होय. तो पाहुणाही असतो आणि घरचाही. कायद्याने त्याला दिलेल्या सवलतीही वास्तव्यापेक्षा भेटीला अनुरूप आहेत. या संज्ञेचा इतिहास हा बऱ्याच अंशी कोणाला परतू द्यायचे, किती काळासाठी आणि कोणत्या अटींवर, या प्रश्नाचा इतिहास आहे.

व्युत्पत्ती

टागालोग भाषेत 'बालिक' म्हणजे परत येणे. 'बायन' या शब्दाला मात्र गाव, नगर, तेथील लोक आणि राष्ट्र असे अनेक अर्थ आहेत. मराठीतील 'देश' हा शब्द घाटमाथ्यापलीकडचा मुलूख आणि संपूर्ण राष्ट्र अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो, तसाच काहीसा हा प्रकार आहे. सरकारी मोहिमेला 'बायन' या शब्दातून राष्ट्र अभिप्रेत होते. प्रवाशाच्या मनात मात्र बहुतेक वेळा इलोकोस प्रांतातले किंवा विसाया बेटांवरचे एखादे गाव असते आणि मनिला हा तेथे पोहोचण्यापूर्वीचा एक टप्पा असतो. शब्दाच्या या दुहेरी अर्थामुळेच तो सरकार आणि सामान्य लोक या दोघांनाही सोयीचा ठरला असावा.

पूर्वेतिहास

हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधीपासून परत आलेला प्रवासी फिलिपिनो वाङ्मयात आणि राजकारणात महत्त्वाचे स्थान राखून आहे. होजे रिझाल यांच्या 'नोली मे तांगेरे' (१८८७) या कादंबरीचा नायक इबारा सात वर्षे युरोपात राहून मायदेशी येतो, तेव्हा त्याचे वडील तुरुंगात मरण पावलेले असतात. मनिलातून घोडागाडीने जाताना तेथील वनस्पती-उद्यान दिसताच त्याला युरोपातील उद्याने आठवतात आणि यापुढे समोरची कोणतीही गोष्ट त्या दुसऱ्या गोष्टीशी ताडून पाहिल्याशिवाय त्याला पाहता येत नाही. बेनेडिक्ट अँडरसन यांनी राष्ट्रवादावरील आपल्या १९९८ मधील निबंधसंग्रहाला या प्रसंगावरूनच 'द स्पेक्टर ऑफ कंपॅरिझन्स' हे शीर्षक दिले. परदेशातून आलेला माणूस सतत तुलना करतो, ही बालिकबायनांविषयीची आजची नेहमीची तक्रार शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे, असे यावरून म्हणता येते.

स्वतः रिझाल १८८२ मध्ये स्पेनला गेले आणि १८८७ मध्ये परतले. त्यांच्या कादंबरीमुळे वसाहती सत्ता आणि धर्मसंस्था संतप्त झाल्याने १८८८ च्या प्रारंभी त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. १८९२ च्या जूनमध्ये ते दुसऱ्यांदा आले आणि पंधरवड्याच्या आत त्यांना अटक होऊन मिंदानाओ बेटावरील दापितान येथे हद्दपार करण्यात आले. ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले.

अमेरिकी राजवटीत स्थलांतराचे स्वरूप बदलले. १९०६ पासून हवाईतील उसाच्या मळ्यांसाठी मजुरांची भरती सुरू झाली आणि पुढे कॅलिफोर्नियातील शेतांत व अलास्कातील मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत हजारो तरुण फिलिपिनो राबू लागले. काही वर्षे कमाई करून गावी परतायचे, असाच त्यांच्यापैकी बहुतेकांचा बेत होता. १९३४ च्या टायडिंग्ज-मॅकडफी कायद्याने फिलिपिन्समधून अमेरिकेत येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला अवघ्या ५० वर आणली. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने फिलिपिनोंना मायदेशी जाण्याचा प्रवासखर्च देणारा कायदा केला. वरवर पाहता ही सवलत होती. परंतु ती स्वीकारणाऱ्याला त्या ५० जणांच्या मर्यादेतच पुन्हा अमेरिकेत येता येणार होते, म्हणजे व्यवहारतः दार बंद होणार होते. सुमारे दोन हजार लोकांनीच तिचा लाभ घेतला. रिकाम्या हातांनी गावात उतरण्याची लाज हेही त्यामागचे एक कारण मानले जाते. १९३० मध्ये अमेरिकेत गेलेले लेखक कार्लोस बुलोसान १९५६ मध्ये सिअ‍ॅटल येथे मरण पावले. मधल्या काळात ते एकदाही मायदेशी आले नाहीत.

१९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने राष्ट्रीयत्वावर आधारित जुनी कोटापद्धत रद्द केली. त्यानंतर डॉक्टर, परिचारिका, अभियंते आणि हिशेबनीस अशा सुशिक्षित फिलिपिनोंची मोठी लाट अमेरिकेत गेली. मळ्यांतील पिढीच्या तुलनेत या लोकांकडे पैसा होता, रजा होती आणि अमेरिकी पारपत्र मिळण्याची शक्यता होती. १९७३ ची मोहीम प्रामुख्याने त्यांच्यासाठी आखलेली होती.

१९७३ ची मोहीम

सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोस यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. संसद बंद करण्यात आली, वृत्तपत्रांना टाळे लागले आणि विरोधी नेत्यांना अटक झाली. अमेरिकेतील वृत्तपत्रांत या राजवटीवर टीका होत असतानाच, १९७३ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या पर्यटन खात्यामार्फत बालिकबायन मोहीम सुरू झाली. विमानभाड्यात सवलत, वास्तव्याच्या परवान्याची वाढीव मुदत आणि करांत सूट असे तिचे स्वरूप होते.

मोहिमेचे हेतू दोन होते. परकीय चलन मिळवणे हा उघड हेतू होता. दुसरा राजकीय होता: नातेवाइकांना भेटायला आलेल्या डॉक्टरने किंवा परिचारिकेने स्वच्छ रस्ते आणि शांत शहर पाहावे आणि अमेरिकेत परतल्यावर ते इतरांना सांगावे, अशी अपेक्षा होती. सरकार आपल्या राजवटीला 'नवा समाज' असे म्हणत असे आणि बालिकबायन हा त्या समाजाचा बिनपगारी साक्षीदार ठरणार होता. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, नव्या कामगार संहितेद्वारे फिलिपिनो मजुरांना परदेशी पाठवण्याची व्यवस्थाही सरकारने हाती घेतली. एका दाराने सुस्थितीतील स्थलांतरितांना खर्च करण्यासाठी बोलवायचे आणि दुसऱ्या दाराने गरजूंना कमावण्यासाठी बाहेर पाठवायचे, ही दोन्ही धोरणे एकाच काळातील आणि एकाच सरकारची आहेत.

परतण्याचा हक्क

बालिकबायनांचे स्वागत होत असलेल्या त्याच वर्षांत अनेक फिलिपिनोंना मायदेश बंद होता. माजी सिनेटर राऊल मांगलापुस लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा परदेशात होते. त्यांनी अमेरिकेतच राहून मार्कोसविरोधी चळवळ संघटित केली आणि १९८६ पर्यंत त्यांना परतता आले नाही.

या काळातील सर्वांत प्रसिद्ध परतीचा प्रवास बेनिग्नो (निनॉय) अक्विनो यांचा आहे. सिनेटर अक्विनो यांना १९७२ मध्ये अटक झाली आणि १९७७ मध्ये लष्करी न्यायाधिकरणाने त्यांना मृत्युदंड सुनावला. कारावासात हृदयविकाराचा झटका आल्यानंतर १९८० मध्ये शस्त्रक्रियेसाठी त्यांना अमेरिकेत जाऊ देण्यात आले. तीन वर्षे ते कुटुंबासह बॉस्टनजवळच्या न्यूटन येथे राहिले. अधिकृत कागदपत्रे मिळत नसल्याने त्यांनी 'मार्सियल बोनिफासिओ' या नावाचे पारपत्र वापरले. त्यातील 'मार्सियल' म्हणजे लष्करी कायदा, आणि 'बोनिफासिओ' हे त्यांना ज्या तळावर डांबून ठेवले होते त्या किल्ल्याचे नाव. २१ ऑगस्ट १९८३ रोजी तैपेईहून आलेले त्यांचे विमान मनिलात उतरले. सैनिक त्यांना विमानातून बाहेर घेऊन गेले आणि जिन्यावरून उतरवले जात असतानाच त्यांच्या डोक्यात गोळी घालण्यात आली. या हत्येने पेटलेल्या असंतोषाची परिणती फेब्रुवारी १९८६ च्या जनआंदोलनात झाली. मार्कोस यांना देश सोडावा लागला आणि निनॉय यांच्या पत्नी कोराझोन अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. १९८७ मध्ये मनिलाच्या विमानतळाला निनॉय अक्विनो यांचे नाव देण्यात आले. मनिलाच्या मार्गाने येणारा बालिकबायन तेव्हापासून या नावाच्या विमानतळावर उतरतो.

यानंतर परिस्थिती उलटली. हवाईत आश्रयास असलेल्या मार्कोस यांना मरणापूर्वी मायदेशी यायचे होते आणि अक्विनो सरकारने त्यास नकार दिला. मार्कोस कुटुंबाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. प्रवासाची कागदपत्रे देण्याचा आदेश ज्या परराष्ट्रमंत्र्यांना द्यावा अशी त्यांची मागणी होती, ते मंत्री होते राऊल मांगलापुस. त्यामुळे हा खटला 'मार्कोस विरुद्ध मांगलापुस' या नावाने ओळखला जातो. ज्याच्या राजवटीमुळे एकाला चौदा वर्षे परदेशी काढावी लागली, त्यानेच आता त्या माणसाकडे घरी येण्याची परवानगी मागावी, असा हा योगायोग होता.

१५ सप्टेंबर १९८९ रोजी न्यायालयाने ८ विरुद्ध ७ मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला. आपल्या देशात परतण्याचा हक्क हा राज्यघटनेतील संचारस्वातंत्र्याहून वेगळा आहे. तो आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सर्वमान्य तत्त्वांचा भाग म्हणून देशाच्या कायद्यातही अंतर्भूत असला, तरी राष्ट्रहितासाठी राष्ट्राध्यक्षांना तो रोखता येतो, असे बहुमताचे म्हणणे होते. संचारस्वातंत्र्यात परतण्याचा हक्क येतोच आणि मार्कोस यांच्या येण्याने देशाला खरोखर धोका आहे हे सिद्ध झालेले नाही, असे मत भिन्नमत नोंदवणाऱ्या न्यायाधीशांनी मांडले. हुकूमशहाविषयीच्या रोषात हे भिन्नमत तेव्हा झाकोळले गेले. तरीही कायद्याच्या अभ्यासात या निकालाइतकेच त्यालाही महत्त्व आहे, कारण एकाला नाकारलेला हक्क उद्या दुसऱ्यालाही नाकारता येतो. निकालानंतर तेराच दिवसांनी, २८ सप्टेंबर रोजी, मार्कोस होनोलुलू येथे मरण पावले. त्यांचे शव १९९३ मध्ये इलोकोस नोर्ते प्रांतात आणण्यात आले आणि २०१६ मध्ये मनिलातील वीरांच्या दफनभूमीत पुरण्यात आले. त्या दफनावरूनही देशभर निदर्शने झाली.

कायदा आणि सवलती

मार्कोस यांच्या मृत्यूला सहा आठवडेही झाले नव्हते, तेव्हा ३ नोव्हेंबर १९८९ रोजी प्रजासत्ताक कायदा क्रमांक ६७६८ संमत झाला. मार्कोस यांनी सुरू केलेल्या मोहिमेला अशा रीतीने अक्विनो सरकारने कायद्याचे रूप दिले. या कायद्यानुसार बालिकबायन तीन प्रकारचे आहेत: किमान एक वर्ष सलग देशाबाहेर असलेला फिलिपिनो नागरिक, परदेशात काम करणारा फिलिपिनो कामगार, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेली पूर्वाश्रमीची फिलिपिनो व्यक्ती व तिचे कुटुंब. कुटुंबात पती किंवा पत्नी आणि मुले एवढ्यांचाच समावेश होतो.

परदेशी पारपत्र बाळगणाऱ्या माजी नागरिकाला व्हिसाविना एक वर्ष राहता येते. सोबत प्रवास करणाऱ्या जोडीदारालाही हा लाभ मिळतो, मात्र काही देशांचे नागरिक त्यातून वगळलेले आहेत. एक वर्षाच्या आत परत जाणाऱ्याला प्रवासकर माफ असतो आणि करमुक्त दुकानांत खरेदी करता येते. २००२ च्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९१७४ ने यात उपजीविकेची साधने विकत घेण्यासाठी २,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या करमुक्त खरेदीची भर घातली. परतलेल्या माणसाने शिवणयंत्र किंवा सुताराची अवजारे घेऊन येथेच काही उद्योग सुरू करावा, ही त्यामागची कल्पना होती.

ऑगस्ट २००३ मधील प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९२२५ याहून मूलगामी आहे. परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे फिलिपिन्सचे नागरिकत्व गमावलेल्या जन्मजात नागरिकांना निष्ठेची शपथ घेऊन ते परत मिळवता येते. भारताच्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्वाला स्थान नाही आणि परदेशी पारपत्र घेतलेल्या भारतीयाला 'ओसीआय' कार्डावर समाधान मानावे लागते. फिलिपिन्सने याबाबतीत वेगळा मार्ग पत्करला. जमिनीच्या दृष्टीने या फरकाला महत्त्व आहे. फिलिपिन्समध्ये परकीयांना जमिनीची मालकी मिळत नाही आणि माजी नागरिकांनाही क्षेत्राची मर्यादा आहे. नागरिकत्व परत मिळवलेल्यास ती मर्यादा लागू होत नाही. मनिलाभोवतीच्या गृहसंकुलांच्या बाजारपेठेत या वर्गाचे स्थान किती मोठे आहे, याचा अभ्यास एरिक पिडो यांनी 'मायग्रंट रिटर्न्स' (२०१७) या ग्रंथात केला आहे.

पासालुबोंग आणि बालिकबायन खोके

प्रवासाहून येताना घरच्यांसाठी आणलेल्या वस्तूला टागालोगमध्ये 'पासालुबोंग' म्हणतात. मराठीतील 'खाऊ' या शब्दाशी त्याचे जवळचे नाते आहे: वस्तूची किंमत गौण असते, पण ती न आणणे लक्षात राहते. शेजारच्या गावाहून येणाराही पासालुबोंग आणतो. त्यामुळे अमेरिकेहून किंवा आखाती देशांतून येणाऱ्याकडून तो किती प्रमाणात अपेक्षित असेल, याची कल्पना करता येते. ज्यांनी आपल्याला वाढवले किंवा परदेशी जाण्यासाठी पैसे उभे करून दिले, त्यांच्या ऋणाची जाणीव 'उतांग ना लोओब' या नावाने ओळखली जाते आणि भेटवस्तूंमागे हे ऋणही असते.

या प्रथेतूनच 'बालिकबायन खोके' जन्माला आले. विमानात नेता येणाऱ्या सामानाच्या मर्यादेत बसणारे पुठ्ठ्याचे मोठे खोके हे त्याचे पहिले रूप होते. पुढे प्रवाशाशिवाय केवळ खोके समुद्रमार्गे दारापर्यंत पोहोचवणाऱ्या कंपन्या उदयास आल्या. समुद्रमार्गे पाठवताना दर साधारणतः वजनावर नसून खोक्यावर असतो. त्यामुळे ते ठासून भरले जाते: डबाबंद मांस, कॉफी, चॉकलेटे, साबण, टूथपेस्ट, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, टॉवेल, बूट, आणि बुटांच्या आतल्या पोकळीत मोजे. एक खोके भरण्यास कित्येकदा महिने लागतात. दुकानात सवलत लागली की त्यात थोडी भर पडते. प्रत्येक पुडक्यावर ते कोणासाठी आहे त्याचे नाव लिहिलेले असते. यांतील पुष्कळ वस्तू आता मनिलातच काय, तालुक्याच्या गावीही मिळतात, तरीही खोक्यांचा ओघ चालू आहे. यावरून वस्तूंचा तुटवडा हे त्यांचे एकमेव कारण कधीच नव्हते असे दिसते. वर्षानुवर्षे येऊ न शकणाऱ्या आईच्या किंवा मुलाच्या जागी खोके येते.

१९८७ मध्ये कोराझोन अक्विनो सरकारने अशा खोक्यांना जकातीतून सूट दिली. ऑगस्ट २०१५ मध्ये तस्करी रोखण्यासाठी काही खोकी उघडून तपासण्याचा विचार जकात विभागाने जाहीर केला, तेव्हा जगभरातील फिलिपिनो कामगारांनी संताप व्यक्त केला. एक दिवस घरी पैसे न पाठवण्याचेही आवाहन करण्यात आले. वस्तू चोरीस जातील ही भीती होतीच, परंतु आईने मुलांसाठी बांधलेली पुडकी परक्या हातांनी सोडावीत, हे अधिक झोंबले. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो तिसरे, म्हणजे निनॉय आणि कोराझोन यांचे पुत्र, यांनी काही दिवसांतच हस्तक्षेप करून क्ष-किरण तपासणीत संशय आल्याशिवाय खोकी उघडू नयेत, असा आदेश दिला. २०१६ च्या नव्या जकात कायद्याने पात्र व्यक्तींना वर्षातून तीन वेळा १,५०,००० पेसोपर्यंतच्या वस्तू करमुक्त पाठवण्याची मुभा दिली.

समाजातील स्थान

मायदेशभेटींचा मुख्य हंगाम नाताळचा असतो. १६ डिसेंबरपासून पहाटेच्या प्रार्थना सुरू होतात आणि त्याआधीपासूनच विमानतळावर गर्दी वाढते. एका माणसाला घ्यायला भाड्याच्या व्हॅनमधून दहा-बारा नातेवाईक येणे हे नेहमीचे दृश्य आहे. अनेक जण गावच्या ग्रामदेवतेच्या, म्हणजे संरक्षक संताच्या, उत्सवाचा मुहूर्त साधतात. त्या दिवसांत जेवणावळीचा, मिरवणुकीचा किंवा चर्चच्या दुरुस्तीचा खर्च बालिकबायनाने उचलावा अशी अपेक्षा असते, आणि त्याला प्रतिष्ठेचे स्थानही मिळते. परदेशात दोन पाळ्यांत काम करून साठवलेला पैसा तीन आठवड्यांत संपणे हा या भेटीचा कमी बोलला जाणारा भाग आहे. परदेशातील जीवन कष्टाचे आहे हे सांगावे, तर ते खरे वाटत नाही. आणि लपवावे, तर मागण्या वाढतात.

कायदा परदेशी स्थायिक झालेल्यांना आणि कंत्राटी कामगारांना एकाच संज्ञेत बसवत असला, तरी समाजमन या दोघांना एका मापाने मोजत नाही. इतिहासकार व्हिसेंते राफाएल यांनी १९९७ मधील एका निबंधात या भेदाची चर्चा केली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेला बालिकबायन उष्मा, वाहतूक आणि अस्वच्छता यांविषयी तक्रार करतो, म्हणून त्याच्याविषयी असूया आणि नाराजी असते. आखातात किंवा हाँगकाँगमध्ये राबणाऱ्या कामगाराविषयी मात्र कणव आणि आदर असतो. १९८८ मध्ये हाँगकाँगमधील घरकामगार महिलांसमोर बोलताना कोराझोन अक्विनो यांनी त्यांना नवे वीर म्हटले होते आणि तो शब्दप्रयोग नंतरच्या सरकारांनीही उचलला. टीकाकारांच्या मते या गौरवामुळे, देशात पुरेशी कामे का नाहीत, हा मूळ प्रश्न मागे पडतो.

बालिकबायन होता न येणाऱ्यांचाही एक मोठा वर्ग आहे. परवान्याविना परदेशात राहणाऱ्यांना बोलीभाषेत 'टीएनटी' म्हणतात. हे 'सतत लपत राहणारा' या अर्थाच्या टागालोग शब्दांचे लघुरूप आहे. फिलिपिन्सचे दार त्यांना उघडे असते, पण एकदा बाहेर पडल्यावर कामाच्या देशात पुन्हा प्रवेश मिळत नाही. म्हणून आईवडिलांचे अंत्यविधीही त्यांना दूरध्वनीवरून किंवा पडद्यावर पाहावे लागतात. पत्रकार होजे अंतोनियो वार्गास १९९३ मध्ये बाराव्या वर्षी अमेरिकेत आले होते. २०११ मध्ये त्यांनी आपण कागदपत्रांविना राहत असल्याचे जाहीरपणे लिहिले, तेव्हा आईला न भेटलेल्या वर्षांचा हिशेबही त्या लेखनात होता.

चित्रपटात

किडलात ताहिमिक यांचा 'बालिकबायन #१' हा चित्रपट २०१५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला कालिगारी पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकाने त्याच्या चित्रीकरणास कित्येक दशकांपूर्वी प्रारंभ केला होता. फर्डिनांड मॅगेलनने मलाक्का येथे मिळवलेला आणि १५२१ मध्ये त्याच्यासोबत सेबू येथे पोहोचलेला गुलाम एन्रिके हा त्याचा नायक आहे. तो मुळात याच बेटांवरचा होता आणि म्हणून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून घरी परतलेला तो पहिला माणूस ठरतो, अशी चित्रपटाची कल्पना आहे. इतिहासाच्या साधनांतून एन्रिकेचे जन्मस्थान निश्चित होत नाही. मॅगेलन मारला गेल्यानंतर काही दिवसांतच तो नोंदींतून नाहीसा होतो.